धुक्यातली तिसरी हाक

मी एक जुनी लाकडी तुतारी आहे. नॉर्वेच्या डोंगरात विजेनं फोडलेल्या पाइनची मी. चिरून, कोरून, पुन्हा जोडून वर भूर्जाची साल घट्ट गुंडाळलेली. पितळी वाद्यांनी माझ्यासमोर तोरा मिरवू नये. मित्रांनो, माझं मागणं एकच असतं: मला ओढ्यात भिजत ठेवा. सुकले की माझे सांधे उकलतात आणि फुंकर वाटेतच गळून जाते.

उन्हाळ्यात गुनवोरबाई गुरं घेऊन वरच्या चराईवर राहायच्या. मला फुंकलं की लांडगे पळत, गाई परतत. तिथला नेम असा, की माणसानं हाक तीनदा घालावी. एकच आली तर जागचं हलू नये. ती डोंगराच्या पोटात राहणाऱ्यांची; दिसायला ते माणसासारखेच, फक्त पाठ पोकळ.

एका वर्षी हालवार नावाचा संगीतकार तिथं मुक्कामाला आला. त्याला वाद्यवृंदासाठी डोंगराचे सूर हवे होते. माणूस सज्जन, पण न विचारता सेवा करणारा. मी पाण्यात कुजेन म्हणून त्यानं मला पुसून चुलीवर टांगलं.

त्याच दुपारी धुकं उतरलं. गुनवोरबाईंची लेक राग्नी चुकार कालवडीमागे दलदलीकडे गेली होती.

"चुलीवर? अहो, तुतारी आहे ती. मासा नव्हे सुकवायला."

"मला वाटलं, कुजेल..."

"तुमच्या वाटण्यात माझी पोर बुडेल."

बाईंनी फुंकलं. एक हाक गेली. दुसरीला माझा सांधा उकलला, नुसता वारा निघाला. बाई मला मांडीवर घेऊन सांधा दाबत बसल्या, तो मिटेना. एका हाकेला राग्नी येणार नव्हती. तसं त्यांनीच तिला शिकवलं होतं.

तेवढ्यात धुक्यातून दुसरी हाक आली. आवाज माझाच होता, आणि मी तर बाईंच्या मांडीवर मुकी पडले होते. मग तिसरी आली, दलदलीच्या बाजूनं.

बऱ्याच वेळानं राग्नी कालवडीला ओढत आली. "आई, तीन झाल्या तेव्हाच निघाले. पण तू पुढे पुढे का चालत होतीस? थांब म्हटलं तरी थांबेनास. आणि पाठीला काय झालं होतं तुझ्या? झाडाच्या ढोलीसारखी पोकळ दिसत होती."

"धुक्यात काहीही दिसतं. आत हो."

संध्याकाळी बाईंनी सगळी साय बाहेरच्या दगडावर ठेवली.

"मांजरासाठी?" हालवारनं विचारलं.

"आमच्याकडे मांजर नाही."

पुढे राजधानीत त्याचा वाद्यवृंद वाजला. व्हायोलिनांनी धुकं उतरवलं. मला भिजवून आणलं होतं. मी एक हाक घातली. पुढच्या दोन हाकांची जागा त्यानं रिकामी सोडली होती, तिथं कोणी काही वाजवायचं नव्हतं. त्या शांततेत माणसं एकेक करून मागं वळून बघू लागली. लेकीला घेऊन ऐकायला आलेल्या गुनवोरबाई तेवढ्या वळल्या नाहीत. त्यांनी राग्नीचं मनगट धरून ठेवलं होतं.

आता मी काचेच्या कपाटात आहे, कोरडी ठणठणीत. येणारे माझ्या सालीचं कौतुक करतात, पाणी कोणी विचारत नाही. मित्रांनो, जुन्या वस्तूला काय लागतं ते आधी विचारा, मग तिची सेवा करा. आपल्या माणसाला आपली हाक आपणच घालावी. आपण मुके झालो तर घालणारे दुसरे असतात. त्यांनी त्या दिवशी पोर घरी पोचवली. दर वेळी घरीच पोचवतील, असं काही त्यांनी कबूल केलेलं नाही.