बेडकी कुणाच्या हाती द्यायची

कोल्हारात त्या गाडीला सगळे बेडकी म्हणत. रंग हिरवागार, बसकण जमिनीला लागून, पुढचे दोन दिवे वटारलेल्या डोळ्यांसारखे, आणि सुरू झाली की एक उडी मारून मगच चालायला लागायची. साखर कारखान्यातला एक गोरा इंजिनिअर मायदेशी परतताना ती सूर्यभानला विकून गेला होता. घरचा ऊस, घरचे पेरू, दारात ट्रॅक्टर असलेल्या माणसाला दोनच माणसांची विलायती गाडी कशाला हवी, हे कोडं त्याच्या वडिलांना, आप्पासाहेबांना, काही सुटलं नाही. "दोन मानसं बसत्यात आन् एक पोतं बी मावत न्हाई," ते म्हणायचे, "ह्येला गाडी म्हनायचं व्हय?"

चंद्रकलेला मात्र ते कोडं कधी पडलंच नाही. लग्नानंतरचं पहिलं वर्ष तिनं त्या गाडीतच काढलं म्हटलं तरी चालेल. टप मागे टाकायचा, पदर कमरेला घट्ट खोचायचा, केसांना रुमाल बांधायचा आणि निघायचं. राहात्याला पेरू, संगमनेरला चहा, आणि मनात आलं तर थेट भंडारदऱ्याच्या पायथ्याशी शेंडीला, तिच्या माहेरी. तिचे वडील धरणावर ओव्हरसियर. विठ्याच्या घाटात सूर्यभान मोठमोठ्यानं गाणं म्हणायचा, तेही बेसूर, आणि ती हसून हसून बेजार व्हायची. पुण्याच्या कॉलेजात चार वर्षं मान खाली घालून वावरलेली मुलगी घाटात तोंडावर वारं घेत ओरडायची. "हळू" हा शब्द तेव्हा तिला ठाऊकच नव्हता.

तो शब्द रेणूबरोबर घरात आला.

रेणू झाली आणि चंद्रकलेची झोप उडाली. पोर रडली तर का रडली, आणि नाही रडली तर का नाही. रात्रीतून उठून ती तिच्या नाकाशी बोट धरून बघायची. झुंबरबाई, तिच्या सासूबाई, म्हणायच्या, "मला पाच झाली. एकाच्या बी नाकाला म्या बोट लावलं न्हाई. समदी जगली." पण म्हणता म्हणता सुनेच्या हातातून पोर घेऊन तिला कोपऱ्यात आडवं व्हायला लावायच्या, ही गोष्टही खरी. चंद्रकला आडवी होई, पण डोळा लागत नसे.

त्यातच एकाहत्तर सालच्या हंगामात ते प्रवरेच्या पुलावरचं घडलं. उसाच्या बैलगाड्यांची रांग, समोर उतार, आणि सूर्यभाननं ब्रेकवर पाय दाबला तर पेडल थेट तळाला. हँडब्रेक ओढून त्यानं बेडकी कशीबशी थांबवली, पुढच्या गाडीच्या उसाची पाती बॉनेटला लागली इतक्यावर. रेणू मांडीवर झोपलेली. तिला कळलंही नाही. चंद्रकला मात्र गाडीतून उतरली ती घरापर्यंत पायी चालत आली, आणि त्यानंतर पुन्हा बसली नाही.

आप्पासाहेबांनी मग नाशिकच्या एका मोटारींच्या शौकिनाला, गाडी विकायचीय, असा निरोप धाडला. तोही लगेच हो म्हणाला. सूर्यभान दोन दिवस जेवायला उशिरा येत राहिला. तिसऱ्या दिवशी ओसरीवर बायकोजवळ बसून म्हणाला, "हे बघ कला, विकायची तर विकू. पण एकदा तिघं मिळून शेंडीला जाऊन येऊ. पहिल्यासारखं. आल्यावरही तुला वाटलं नको, तर मीच नाशिकला सोडून येतो."

तिला त्याच्याकडे बघवेना. तिलाही तेच हवं होतं, नेमकं तेच, आणि भीती वाटत होती तीही त्याच गोष्टीची.

"ब्रेक करून घ्यायचे तर पुण्याच्या कंपनीत," ती म्हणाली. "तुमच्या नगरच्या कानिफभाऊंकडे नाही."

"का? आजवर त्यानंच केलंय की सगळं."

"मागच्या दिवाळीला बॉनेटमध्ये पाना विसरला होता तो. राहुरीपर्यंत खडखडत आलो आपण. तुम्ही म्हणालात, इंजिन गेलं."

झुंबरबाई सुपात गहू पाखडत होत्या. त्या तिथूनच म्हणाल्या, "पोरीला मोठा दवाखाना, गाडीला मोठी कंपनी. आमच्या सूनबाईला लहान कायबी चालत न्हाई बघा. नवरा तेवढा कोल्हारचा केला."

सूर्यभान हसला, चंद्रकलाही हसली, पण हट्ट सोडला नाही. रेणूला सासूबाईंच्या हवाली करून दोघं एस.टी.नं पुण्याला गेली.

कंपनीचं वर्कशॉप बघून तिचा जीव खरंच भांड्यात पडला. फरशी इतकी स्वच्छ की चपला बाहेर काढाव्यात की काय असं वाटावं. बसायला वेताच्या खुर्च्या, डोक्यावर पंखा, काचेच्या पलीकडे खाकी कपड्यातली माणसं मुकाट काम करताहेत. साहेब तरुण होता, बोलायला अदबशीर. म्हणाला, पाइप बदलू, रबर बदलू, जुनं काही ठेवणार नाही. गाडी आणून इथे सोडून जा, तयार झाली की कळवू.

"आमच्या अंगणात गाडी उभी असते ना," चंद्रकला म्हणाली, "तिथे मातीत एक ओला डाग पडतो. दरवेळी मागच्या उजव्या चाकाखालीच. मुलगी रांगते तिथे, म्हणून माझं लक्ष गेलं."

"आम्ही सगळंच बघतो, बाई. तुम्ही काळजी करू नका."

"काम चालू असताना मला थांबता येईल?"

साहेब हसला. वाईट नाही, समजूतदारच हसला. "आत कुणाला सोडत नाही. पण इथे बसा की, मासिकं आहेत."

मासिकं खरंच होती. तिनं एक हातात घेतलं आणि काचेतून बघत राहिली. एका गाडीच्या खाली कुणाचे तरी दोन पाय दिसत होते. तोंड दिसत नव्हतं. तरी ठरलं, कंपनीच. ब्रेकची रबरं वर्कशॉपच्या कप्प्यात तयार होती, पुन्हा मिळतील न मिळतील म्हणून तेवढी सूर्यभाननं आधीच विकत घेऊन ठेवली.

परतताना नगरला बस बदलायची होती. कानिफनाथाला न सांगता जाणं सूर्यभानच्या जिवावर आलं. कानिफनाथ पूर्वी नगरच्या मिलिटरी वर्कशॉपात होता. आता स्टेशन रोडला त्याचं पत्र्याचं शेड होतं. तिथे कायम तीन गाड्या पोटं उघडी टाकून पडलेल्या, आणि स्वतः कानिफ कुठलं तरी अवजार शोधत, "हितंच ठिवला हुता की" असं पुटपुटत फिरत असायचा.

सगळं ऐकून तो म्हणाला, "न्या की पुन्याला. कंपनी ती कंपनी. मला काय वाईट वाटायचंय?" मग डोकं खाजवलं. "पर दादा, पुन्यापातुर न्यायला तरी ब्रेक लागल का न्हाई?"

हे कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं.

म्हणून रंगपंचमीच्या सुमाराला, सकाळी लवकर, बेडकी पुण्यापुरते ब्रेक करून घ्यायला दुसऱ्या गियरमध्ये रांगत रांगत नगरला गेली. रेणू घरी. काम डोळ्यांदेखत व्हावं म्हणून बसलेल्या चंद्रकलेनं दाराची कडी धरली होती ती शेडमध्ये पोहोचल्यावरच सोडली. कानिफचा मदतनीस मढीच्या जत्रेला गेलेला. "माझ्या नावाच्या द्येवाची जत्रा," कानिफ म्हणाला, "आन् मीच तेवढा हितं. बसा वैनी." त्यानं तेलाचा डबा उपडा करून त्यावर वर्तमानपत्र टाकलं.

ती बसली, आणि बघू लागली. इथे काच नव्हती. चाकं निघाली, आतले गोल डबे निघाले, सगळं पोत्यावर मांडलं गेलं. एवढ्याशा त्या तुकड्यांवर आपलं लेकरू घाटातून जाणार होतं! न राहवून तिनं डागाचं सांगितलं.

कानिफनं हातातलं काम खाली ठेवलं. "कंच्या चाकाखाली म्हनलात?" आणि बाकी सगळं सोडून तो मागच्या उजव्या चाकाकडे वळला. आतलं रबर बाहेर काढून त्यानं तिच्या तळहातावर ठेवलं. कड फाटली होती, चिकट, काळपट. "ह्ये बगा. हितनं गळत हुतं. आसलं रबर काय लेथ मशिनीवर घडत न्हाई, मला करता येत न्हाई. पुन्याचं नवं आनलंत, लई बेस केलंत."

नवी रबरं बसली, तेल भरलं, आणि मग राहिलं पाइपातली हवा काढायचं काम. एकानं आत बसून पेडल दाबायचं, दुसऱ्यानं चाकाशी बसून स्क्रू ढिला करायचा, की हवा नळीतून तेलाच्या बाटलीत बुडबुडे होऊन येते. सूर्यभान आत बसला.

"दाबा... धरा. अवो धरा! सोडू नगा म्हनलं ना!"

"धरलंय रे."

"काय धरलंय, ठ्याक ठ्याक चाललंय नुसतं. हवा परत आत गेली." दोनतीनदा असं झाल्यावर कानिफ उठून उभा राहिला. "उतरा तुमी, दादा. तुमच्या पायाला लई घाई. वैनी, तुमी या."

"मी?"

"पायच पायजे. कुनाचा बी चालंल."

चपला काढून चंद्रकला आत बसली. अनवाणी तळव्याला पेडलची जाळी थंडगार लागली.

"दाबा. सावकास. धरा... धरा... हां, आता सोडा."

धर, धर, सोड. रेणूच्या वेळी दवाखान्यातल्या नर्सबाई अशाच बोलत होत्या, तेव्हाही तिला असंच वाटलं होतं की जगात दुसरं काहीच नाही, एवढंच करायचंय. हळूहळू पायाखालचा लगदा आकसत गेला. चिखलात पाय घालत होतो तिथे खाली कुठेतरी खडक लागावा तसं झालं.

"झालं," कानिफ चाकाखालून म्हणाला. "दगडावानी झालं असंल."

तिनं पुन्हा दाबलं. "नाही."

"न्हाई कसं? बाटलीत बुडबुडा न्हाई आता."

"शेवटी शेवटी मऊ लागतंय. अगदी थोडं. तिथे काहीतरी आहे."

"वैनी, चौदा वर्सं मिलिटरीचे ब्रेक केलेत म्या."

"असतील. पण पाय माझा आहे."

सूर्यभाननं तोंड फिरवून हसू दाबलं. कानिफ कुरकुरला, तरी परत वाकला. "दाबा. धरा." स्क्रू ढिला झाला आणि बाटलीतल्या तेलात पोह्याच्या दाण्याएवढा एक बुडबुडा वर आला. कानिफ त्याच्याकडे बघतच राहिला. "च्या मारी," तो म्हणाला. "हा कुठं लपला हुता?"

तिनं परत दाबलं. आता खडक होता. तिनं दोनदा, चारदा, उगाचच अजून एकदा दाबून बघितलं.

"मग पुन्याला कवा नेताय?" कानिफनं हात पुसत विचारलं.

सूर्यभान बायकोकडे बघत होता. चंद्रकला चपला घालत म्हणाली, "पुण्याला कशाला? काम झालं की." मग थांबून, "मात्र कानिफभाऊ, बॉनेट लावायच्या आधी पाने मोजा."

पुढच्या आठवड्यात बेडकी शेंडीला निघाली. जाताना चंद्रकलेनं रस्ता बघितला नाही, नवऱ्याचा पाय बघितला. समोरून ट्रक आला की तिचा स्वतःचा उजवा पाय आपोआप खालच्या फळीवर दाबला जाई आणि तळव्याला तो खडक आठवे. सूर्यभान गायला नाही. रेणू वाऱ्याला तोंड उघडून, जीभ बाहेर काढून वारं चाखत होती. ते बघून मात्र ती हसली.

परतीच्या दिवशी विठ्याचा घाट उताराचा. वरच्या वळणाशी सूर्यभाननं विचारलं, "टप लावू का? भीती वाटते?"

"राहू द्या उघडा. गाणं म्हणा."

"पोर उठेल की."

"उठू दे."

त्यानं गाणं सुरू केलं. तसंच, पहिल्यासारखं, बेसूर. डाव्या हाताला दरी, खाली अकोले गावाकडची शिवारं धुरकट दिसत होती. पहिल्या वळणावर ब्रेक लागला. धक्का न देता, सावकाश, पुरेसा. दुसऱ्या वळणावरही. तिसरं वळण तिला आठवत नाही.

जाग आली तेव्हा गाडी चालत नव्हती. इंजिन बंद होतं. नाकाला ओल्या मातीचा आणि गुरांचा ओळखीचा वास येत होता. मांडीवरचं ओझं कुणीतरी अलगद उचलून घेतलेलं. तिनं डोळे उघडले नाहीत. मान सूर्यभानच्या खांद्यावर होती, आणि तो खांदा न हलवता बसून होता.

"उठव की तिला," झुंबरबाईंचा आवाज, अगदी दबका. "मान अवघडंल."

"राहू दे, आई. घाटापासून झोपलीय. संगमनेरला चहाला थांबलो तरी उठली न्हाई."

"घाटात? ही झोपली? घाटात?" मग त्या आणखी हळू म्हणाल्या, "धा महिने झाले रं, तिला अशी झोपल्याली म्या बघितली न्हाई."

आप्पासाहेबांची काठी वाजत जवळ आली. "काय झालं? गाडी बंद पडली व्हय?"

"हळू बोला वो," झुंबरबाई त्यांच्यावर खेकसल्या, तेही कुजबुजतच.

"मी काय म्हनतो, त्यो नाशिकवाला सोमवारी येतोय..."

चंद्रकलेला आता उठायला हवं होतं, पदर सावरायला हवा होता, सासऱ्यांसमोर असं बसणं बरं नव्हतं. सूर्यभानचा खांदा ताठ झालेला तिला कळला. ती सरळ बसली, डोक्यावर पदर घेतला.

"त्यांना नको म्हणून कळवा, मामंजी," ती म्हणाली. "गाडी द्यायची नाही."