पाचच्या रेघेपासून

मी एक जुनी टेप आहे, मित्रांनो. शिंप्याच्या गळ्यात लोंबते ती. साठ इंचांची, पिवळी. नवी असताना इतकी गुळगुळीत होते की माझी गुंडाळी टिकायची नाही. ज्यांनी मला विकत घेतलं, त्यांना सगळी गल्ली मास्तर म्हणायची. एकवीस वर्षं मी त्यांच्या मानेवर राहिले. "ओढली की खोटं बोलते ती," असं ते माझ्याबद्दल सांगत आणि मला कधी ताणत नसत. त्यांनी शिवलेल्या कोटाची बाही मनगटावर नेमकी थांबायची. लोक हात पुढे करून ती एकमेकांना दाखवत.

गेल्या वर्षी मास्तर आजारी पडले. दुकान बंद झालं, मशीन घरी मागच्या खोलीत आलं. तिथे एकदा त्यांच्या थरथरत्या हातातून इस्त्री निसटली आणि माझ्यावर पडली. माझे पहिले चार इंच करपून आक्रसले. खोलीत दुसरं कुणी नव्हतं. घरात कळलं असतं तर मुलाने मशीनच उचलून ठेवलं असतं. मास्तर हळूच मला म्हणाले, "पाचच्या रेघेपासून मोजू. पाच वजा करायला अजून येतात मला." तेव्हापासून ते वहीत पाच जास्तीचेच आकडे लिहीत आणि कापताना मनात वजाबाकी करत.

मग त्यांनी बायकोच्या, म्हणजे आजींच्या, कोटासाठी राखाडी लोकरीचं कापड काढलं.

"माझं माप पाठ आहे ना तुम्हाला?" आजी म्हणाल्या. "चाळीस वर्षं झाली."

"सरळ उभी राहा. गिऱ्हाइकानं मास्तरला शिकवू नये."

माप वहीत लिहिलं गेलं. कापड कापायचं राहिलं. नवव्या दिवशी मास्तर गेले.

महिन्याभराने कोट दुसऱ्या शिंप्याकडे द्यायचं ठरलं. मुलाने लेकीसमोर वही उघडली. "बाही सव्वीस? छाती एकोणचाळीस? जुन्या पानावर आईची बाही एकवीस आहे, छाती छत्तीस." त्याचा आवाज उतरला. "बाबांना शेवटी काही कळत नव्हतं गं."

आजी दारातच उभ्या होत्या. "माझं माप विसरले?" एवढंच विचारून त्या मशीनच्या स्टुलावर बसल्या. मित्रांनो, मला तोंड असतं तर!

विज्ञान शिकणारी नात मात्र दोन्ही पानं शेजारी धरून बसली. "बाबा, खांदा पाच जास्त. बाही पाच. उंची पाच. इतक्या शिस्तीत चूक कोण करतं?" मग तिने मला उचललं. तिचं बोट करपलेल्या टोकावर थांबलं. "अहो, आजोबा पाचपासून मोजत होते!"

मुलाने प्रत्येक आकड्यातून पाच वजा करून पाहिले. पण हिशेब त्याला सोडवेना. "मग छाती एक्केचाळीस यायला हवी होती. दोन इंच चुकलेच की."

"आजी, उठ जरा. हात वर कर."

नातीने पाचची रेघ पुढे धरून मला आजींभोवती फिरवलं. एकोणचाळीस. तिने मला सैल केलं, पुन्हा धरलं. एकोणचाळीसच.

मास्तरांनीही त्या दिवशी असंच दोनदा मोजलं होतं. दुसऱ्या वेळी त्यांची बोटं आजींच्या पाठीवर जरा जास्त रेंगाळली. मग त्यांनी वहीत एकोणचाळीस लिहिलं.

आजी खाली बघत होत्या. "वर्षभर त्यांना भरवत होते. मी जेवले का नाही, माझ्याही लक्षात नसायचं." मग म्हणाल्या, "दोन इंच गेले माझे. मला नाही कळलं, तुम्हा कुणाला नाही कळलं. त्यांना कळलं."

मुलाने वही मिटली नाही. बापाच्या त्या वाकड्यातिकड्या आकड्यांवर तो कितीतरी वेळ हात फिरवत राहिला.

मित्रांनो, मला जपा असं मी म्हणणार नाही. करपलेली टेप कोण किती दिवस ठेवील? पण घरातल्या माणसाचं माप जुन्या पानावर आहे म्हणून निर्धास्त राहू नका. जवळ जा, नव्याने मोजा. पाच वजा करून शिवलेला कोट आजींना अगदी बरोबर बसला आहे. पुढल्या वर्षी तो सैल झाला, तर ते बघायला आता मास्तर नाहीत.