पितळी जोड

बफेलो गाव सोडल्यापासून तासभर लायल आणि मी एकमेकांशी चकार शब्द बोललो नव्हतो. तो गाडी चालवत होता, मी खिडकीबाहेर बघत होते. बोललो असतो तर भांडलोच असतो, हे दोघांनाही ठाऊक होतं.

लायल माझ्या धाकट्या बहिणीचा, आर्डिसचा, नवरा. दोन वर्षांपूर्वी हिवाळ्यात हे दोघं याच मोटरहोममध्ये, म्हणजे या चाकांवरच्या घरात, ॲरिझोनाच्या वाळवंटात मुक्कामाला होते. आर्डिसला तीन आठवडे खोकला होता. फोनवर तिचा आवाज ऐकून मी लायलला डॉक्टरचं विचारलं. लायल म्हणाला, "तिला बरं वाटतंय, नोरीन, तू नाक खुपसू नकोस." मी सरळ तिथल्या शेरीफला फोन करून दारावर माणूस पाठवायला लावला. त्यानंतर चौथ्या दिवशी ती इस्पितळात वारली. माझ्या मते लायलने तिला वेळेवर डॉक्टरकडे नेलं नाही. त्याच्या मते मी त्याच्या दारात पोलीस पाठवून बहिणीचे शेवटचे दिवस नासवले. दफनविधीला आम्ही दोन टोकांना उभे होतो.

मग या ऑगस्टात त्यांच्या मुलीचं, कोरीचं, थर्मोपोलिसजवळचं घर गवताला लागलेल्या वणव्यात जळलं. लायलने तिला राहायला ही गाडी द्यायची ठरवली. चाळीस फूट लांब गाडी, बसला असतात तसे हवेचे ब्रेक. कोरीने मला फोन केला, "मावशी, बाबा सत्तर वर्षांचे आहेत. त्या घाटातून त्यांना एकट्यांना येऊ देऊ नकोस." मी सव्वीस वर्षं शाळेची बस चालवली होती. नाही कसं म्हणणार? लायलने मला आत घेतलं, पण स्टिअरिंगला हात लावू दिला नाही.

पावडर रिव्हरची खिंड ओलांडली आणि टेन स्लीप गावाकडचा उतार सुरू व्हायच्या थोडं आधी डॅशबोर्डवरचा भोंगा किंचाळायला लागला. ब्रेकच्या हवेच्या दाबाचा काटा साठच्या खाली आला होता.

"बाजूला घे," मी म्हटलं.

"दिसतंय मला."

"मग घे ना!"

त्याने गाडी खडीच्या पट्ट्यावर घेतली आणि तेवढ्यात मागची चाकं आपोआप जखडली. हवा गेली की आतल्या स्प्रिंगा ब्रेक धरून ठेवतात, म्हणून बरं. आणखी दोन मैल पुढे असतो तर एका बाजूला कडा होता आणि दुसऱ्या बाजूला दरी.

खाली उतरलो. सप्टेंबरची दुपार, पण त्या उंचीवर वारा कानाला चावत होता. मी रस्त्याकाठचे दोन मोठे दगड उचलून मागच्या चाकांच्या पुढे, उताराच्या बाजूला, ठोकून बसवले.

लायल हसला. "चाकं जखडलीत, बाई. हलायची नाही ती. दगडांचं प्रदर्शन कशाला?"

"तुझ्या बापाचं काय जातंय? मीच खाली जाणार आहे ना."

हवेच्या पिशव्यांवर तरंगणारी गाडी हवा गेली की खाली बसते, आणि खाली माणूस असेल तर त्याच्यावर बसते. गाडी समतल करायचे लाकडी ठोकळे सामानाच्या कप्प्यात होते, ते मी चासीखाली रचले. मग लायलला इंजिन चालू ठेवायला सांगून भांडी घासायच्या साबणाचं पाणी घेऊन पाठीवर सरपटत आत गेले. शोधावं लागलंच नाही. मागच्या ब्रेककडे जाणारी काळी नळी एका लोखंडी कंसाच्या धारेवर घासून चिरली होती. साबण लावल्याबरोबर भसाभसा फेस.

"ही नळी या धारेवरून कोणी नेली?" मी ओरडले.

वरून त्याने इंजिनची घरघर वाढवली. म्हणजे त्यानेच नेली होती.

मी बाहेर आले. त्याने इंजिन बंद केलं आणि हातात रबरी पाइपचा तुकडा, दोन क्लॅम्प आणि चिकटपट्टी घेऊन उभा राहिला. "हे बसव. चल निघू."

"हे बागेला पाणी घालायला बसव. शंभरावर दाब येतो त्यात. पहिल्या वळणावर उडेल."

"चाळीस वर्षं मी हातपंपापासून ट्रॅक्टरपर्यंत सगळं असंच चालवलंय."

"ट्रॅक्टर दरीत पडला तर शेत संपतं. इथं आपण संपू. नीट जोड हवा. पितळी, आवळता येणारा."

"वाट बघ, अस्वलं घेऊन येतील."

टेन स्लीप वीस मैल खाली आणि दोघांच्याही फोनला रेंज नाही. एक पिकअप गेला, थांबला नाही. मी गाडीला चक्कर मारली आणि समोर टपावर ते दिसलं: लायलने हौसेने बसवलेला आगगाडीसारखा हॉर्न. आर्डिसला त्याचा भयंकर राग होता. हॉर्नची नळी पुढच्या पॅनलमागे मधोमध पितळी जोडाने जोडलेली होती. जाडी तीच.

"तो जोड काढ," मी म्हटलं.

"हॉर्नचा? अजिबात नाही."

"मग बस इथे हॉर्न वाजवत."

तो माझ्याकडे असं बघत राहिला की वाटलं आता पाना फेकून मारतो. मग पॅनल उघडून त्याने हवेच्या टाकीपाशी हॉर्नची तोटी बंद केली, जोड सोडवला आणि माझ्या हातात देण्याऐवजी खडीवर टाकला. मी वाकून उचलला.

पुन्हा खाली. नळी काटकोनात कापावी लागते, तिरपी कापली तर जोड धरत नाही. मी सुरीला धार लावून चिरलेला दोन इंच भाग काढला, दोन्ही टोकं जोडात सरकवली, नट आवळले. कंसाच्या धारेवर जुन्या पट्ट्याचं चामडं गुंडाळून तारेने बांधलं. बोटं बधिर झाली होती.

"चालू कर!" मी खालूनच सांगितलं. "हवा भरू दे. मी जोड बघते. दुसरं काही करू नकोस!"

इंजिन गुरगुरलं. हळूहळू हवा भरली. मी जोडावर साबण टाकला. एकही बुडबुडा नाही. मी मनात साठपर्यंत मोजायला घेतलं आणि चाळिसाला पोचले असेन, तेव्हा डोक्यावर मोठा फुसकारा झाला.

ब्रेक सुटल्याचा आवाज. सव्वीस वर्षं रोज सकाळी ऐकलेला.

गाडी हलली. माझ्या पायांपलीकडचं चाक दगडावर चढायला लागलं, दगड खडीत करकरत वीतभर सरकला आणि अडला. मी किती मोठ्याने ओरडले ते मला आठवत नाही. मग पुन्हा फुसकारा, आणि चाकं जखडली.

मी सरपटत बाहेर आले. लायल दारात उभा होता, चेहरा पिठासारखा.

"मला वाटलं तू बाहेर आलीस."

"विचारलंस?"

"काटा एकशेवीसला गेला, मी ब्रेकचं पिवळं बटण दाबून बघितलं फक्त…"

"विचारलंस का मला? आर्डिसला तरी कधी विचारलंस, की बाई, तुला श्वास येतोय का?"

त्याचा जबडा हलला. "रोज विचारायचो. रोज म्हणायची, डॉक्टर नको, घरी चल, पण नोरीनला सांगू नकोस, ती पोलीस आणेल."

"खोटं बोलतोस."

"मग खोटं."

मी आत चढून चालकाच्या जागेवर बसले. त्याने अडवलं नाही. बसमध्ये करायचे तसं इंजिन बंद करून ब्रेक दाबून धरला आणि मिनिटभर काट्याकडे बघितलं. काटा जागचा ढळला नाही. ठोकळे आणि दगड त्यानेच काढले, आणि ते काढताना मी पिवळ्या बटणापासून हात लांब धरून त्याला दाखवत बसले. दुष्टपणा होता तो. मला कळत होतं.

संपूर्ण उतार खालच्या गिअरमध्ये, पंचवीसच्या वर वेगाचा काटा न नेता उतरले. मागे ट्रकवाले चिडून दिवे मारत होते. लायल पूर्ण वेळ हवेच्या काट्याकडे बघत होता, रस्त्याकडे नाही.

वर्लंडच्या गॅरेजमध्ये जाड भिंगांचा चष्मा लावलेल्या मेकॅनिकने नळी सबंध बदलली. जोड हातात घेऊन म्हणाला, "हे काम चांगलं केलंय. पण नळी धारेवरून नेली तो कोण गाढव?"

"मी," लायल म्हणाला.

थर्मोपोलिसपर्यंत मी मनाशी वाक्यं जुळवत होते. कोरीला सांगायचं होतं: तुझ्या बापाने आज मला जवळजवळ मारलं, जसं तुझ्या आईला. दोन वर्षांत पहिल्यांदा माझ्या हाती पुरावा होता.

कोरीने जळलेल्या घराजवळ तंबूत मिरचीचा रस्सा आणि मक्याचा पाव केला होता. आम्ही बसलो, आणि मी तोंड उघडायच्या आत लायल म्हणाला, "घाटात नळी फुटली. तुझी मावशी खाली होती आणि मी न विचारता ब्रेक सोडला. तिने दगड लावले नसते तर आज मी तिच्या अंगावरून गाडी नेली असती."

कोरीच्या हातातला चमचा थांबला. "मावशी? खरंच?"

मला इतका संताप आला की हातातल्या पावाचा चुरा झाला. माझं वाक्य त्याने माझ्या तोंडातून काढून घेतलं होतं.

"बोटभर हलली," मी म्हटलं. "रस्सा दे अजून."

त्या रात्री मी गाडीत झोपले नाही, गावातल्या मोटेलमध्ये झोपले. सकाळी कोरीने मला बफेलोपर्यंत सोडलं. निघताना लायल गाडीखाली उताणा पडून कुठल्याशा नळीवरून हात फिरवत होता. त्याने मान वळवली नाही, मीही हाक मारली नाही.