टेकूवरची फळी

बारक्याने तुळईवर वरून दाब देणाऱ्या जॅकचा दांडा आणखी एकदा दाबला आणि तिच्या पोटाखाली लावलेल्या डायलचा काटा नवाच्या पुढे सरकला.

भिंतीकडच्या बाकावर बसलेल्या म्हाताऱ्याने हाताची घडी घट्ट आवळली. ही प्रयोगशाळा त्याने आयुष्यभर चालवली होती. बारक्याला डायल लावायला त्यानेच शिकवलं होतं; बारक्याचे केस पिकले, तरी नाव काही मोठं झालं नाही. आज मात्र म्हाताऱ्याला कशालाही हात लावायची परवानगी नव्हती. तो गेलेल्या शिक्षिकेचा बाप म्हणून आला होता. शेजारी तिची आई होती.

वर्गाचा फोटो छान यावा म्हणून त्यांच्या लेकीने दोन वर्गांची मुलं शाळेच्या सायकल स्टँडच्या सपाट छपरावर उभी केली. छप्पर खाली आलं. ती गेली, एक विद्यार्थिनी गेली. तेव्हापासून ज्याच्या त्याच्या तोंडी एकच: बाईंना अक्कल नव्हती का? छपरावर कुणी पोरं चढवतं? बांधकामवाला उजळ माथ्याने फिरत होता. त्या छपराची एक तुळई शाबूत राहिली होती, ती आता दोन टेकूंवर आडवी ठेवली होती. छपरासाठी ठरलेल्या वजनाखाली ती मधोमध नऊ मिलिमीटरपेक्षा जास्त वाकली, तर बांधकाम कच्चं. नाहीतर दोष बाईंचा.

“अकरा,” बारक्या म्हणाला. त्याला झालेला आनंद काही लपला नाही.

चौकशीच्या साहेबांनी आकडा लिहून घेतला. “कच्चंच काम म्हणायचं हे,” असं म्हणून ते फोन घ्यायला बाहेर गेले.

“मी म्हणत होते की नाही?” आई नवऱ्याला म्हणाली. “माझी पोर वेंधळी नव्हती हो. त्या मेल्याचं वाटोळं होईल.” आणि ती रडायला लागली. इतके दिवस तिला धड रडूसुद्धा आलं नव्हतं.

म्हाताऱ्याचेही डोळे भरले. ते पुसून त्याने सवयीने आधी टेकूंकडे पाहिलं. डावीकडे तुळईखाली एक लाकडी फळी होती. उतरवताना तुळईचं ते टोक फुटलं होतं, ते समपातळीत यावं म्हणून बारक्याने सरकवलेली. वजन पडल्यावर तुळई त्या फळीत चांगली रुतली होती. टोक खाली बसलं की मधला भागही खाली येतो, आणि डायल बिचारी खाली आलं तेवढं दाखवते. वाकून आलं की बसून आलं, हे तिला काय ठाऊक!

बारक्याने त्याची नजर पाहिली आणि त्याचा चेहरा पडला. तो बाकाजवळ येऊन वाकला.

“राहू द्या ना, दादा,” तो हळूच म्हणाला. “साहेबांना कुठे कळतंय?”

म्हाताऱ्याने बायकोकडे पाहिलं. ती चष्मा पुसत होती. चेहऱ्यावर थोडी धुगधुगी आली होती. गप्प बसायला काय लागतं? काही म्हणजे काही नाही.

“फळी काढ,” मग तो म्हणाला. “लोखंडी पट्टी घाल आणि परत घे.”

बारक्या हलेना.

“ऐकू आलं ना?”

साहेब आत आले तेव्हा काटा पुन्हा चढत होता. पूर्ण वजनाला तो आठावर थांबला. साहेबांनी बारक्याकडून कारण विचारून घेतलं, अकरा खोडलं, तुळईत दोष नाही असं सांगितलं आणि आई-बापांकडे न बघता बॅग उचलली.

बाहेर पायऱ्यांपाशी आल्यावर बायको थांबली.

“पहिलं चुकलं होतं?”

“हो.”

“आणि ते तुम्ही दाखवलंत.”

“हो.”

“दुसऱ्या कुणी दाखवलं असतं, तर सोसलं असतं मी.” तिने पर्स या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली. “रोज उठल्या उठल्या त्या बांधकामवाल्याला शिव्या घालायचे. तेवढ्यावर दिवस निघायचा माझा. आता कुणाला घालू?”

“मला घाल.”

“तुम्हालाच घालणार आहे.”

त्याचा गुडघा दुखायचा, म्हणून तिने त्याचं कोपर धरलं आणि पहिल्याच पायरीवर सुरुवात केली.