ब्रेकच्या दिवशी बाकावर

मित्रांनो, मी लसीचा एक जुना डबा आहे. रंग निळा, अधूनमधून. कारखान्यातून निघालो तेव्हा कडी घट्ट होती आणि पट्टा नवा होता. आता वेल्ह्याच्या डोंगरातल्या एका आरोग्य केंद्रात राहतो. पोटात बर्फाच्या पिशव्या, मधे लसीच्या बाटल्या, खांद्याला नूतनताई. म्हणजे मी त्यांच्या खांद्याला. पण पट्टा इतकी वर्षं एकाच खांद्यावर असला की असा घोटाळा होतो.

माझी नेमणूक कायमची आहे. पाठीवर सरकारी क्रमांक रंगवला आहे आणि तो कुणी पुसू शकत नाही. नूतनताई कंत्राटी नर्स. त्यांना अकरा महिन्यांची ऑर्डर मिळते, मग एका दिवसाचा ब्रेक, मग पुन्हा अकरा महिने. त्या एका दिवसात त्या नर्स नसतात. दुसऱ्या दिवशी पुन्हा होतात. विज्ञानाला याचं कारण अजून सापडलेलं नाही.

लहान मुलांचे आजार मात्र ब्रेक पाळत नाहीत. म्हणून ताई त्या दिवशीही जायच्या. दोन वर्षांपूर्वी अशाच दिवशी निसरड्या वाटेवर पडल्या आणि हात मोडला. मला खरचटलं. माझी दुरुस्ती सरकारी खर्चाने झाली. ताईंना उत्तर आलं, की त्या तारखेला तुम्ही सेवेत नव्हता.

यंदाचा ब्रेक नेमका वरच्या वस्तीच्या लसीकरणाच्या दिवशी आला. मला भरून बाहेरच्या बाकावर ठेवलं. ताई शेजारी येऊन बसल्या. उठेनात.

"सिस्टर, जीप तयार आहे," डॉक्टर म्हणाले. तरुण होते, स्वभावाने बरे.

"सर, आज मी कोण?"

"असं काय करता? एका दिवसाचा तर प्रश्न आहे."

"तोच प्रश्न आहे. ब्रेक न देता ऑर्डर काढा, लगेच निघते."

डॉक्टरांनी आवाज खाली आणला. "नवीन ऑर्डर अजून सहीला आहे. वरचे चिडले तर तीही निघायची नाही. कशाला नोकरी घालवता?"

ताईंचा चेहरा उतरला. घरी दोन मुली शिकतात. पण तेव्हा मोडलेला तो हात मांडीवर ठेवून त्या बसूनच राहिल्या.

जीप चालवणारा हनुमंत ठेकेदाराचा माणूस. तो म्हणाला, "मॅडम, कापूरहोळच्या दवाखान्यात नर्स पायजे म्हणं. पगार जास्त हाय."

"आणि वर कोण जाणार? तू टोचणार?"

"मला सुई बघूनच चक्कर येती," हनुमंत म्हणाला आणि जीपची चावी खिशात घालून बाकाच्या टोकाला बसला.

तेवढ्यात वस्तीवरून आशा सेविका पारूबाई उतरून आल्या. आशांना पगार नसतो, मोबदला असतो. फरक किराणा दुकानात कळतो.

"समद्या आया अंगणवाडीत बसल्यात, आन् तुमी हितं?"

ताईंनी सगळं सांगितलं. मग विचारलं, "पारूबाई, पोरांचे हाल होतात का हो माझ्यापायी?"

"पोरं काय पळून जात्यात? उद्या टोचू." पारूबाईंनी मोबाईल काढला आणि अंगणवाडीत पोराला घेऊन बसलेल्या मंगलला सगळं सांगितलं. मंगलचा आवाज बाकावर सगळ्यांना ऐकू आला.

"बाईंना म्हणावं, बसा तुमी. मागं हात मोडला तवा आमीच झोळीत घालून खाली आणल्यात. आज न्हाई आल्या तर चालंल. पर नोकरी सोडून गेल्या, तर आमच्याकडं कोण येतंय?"

मग ती म्हणाली, "डॉक्टर हायत का तिथं? त्यांना म्हणावं, दुसरं कुणी पाठवू नका. आमी पोरांचे दंड पुढं करनार न्हाई."

डॉक्टर होते. ऐकत होते. ते आत गेले आणि त्यांनी वर फोन लावला. दार उघडंच होतं. "नाही सर, सत्र झालं नाही... अहवालात शून्य दाखवावं लागेल... नाही सर, मीही जाणार नाही. त्यांचं बरोबर आहे."

शून्य हा आकडा वरच्या कार्यालयाला फार टोचतो. जेवणवेळ टळून गेली आणि डॉक्टरांच्या मोबाईलवर ऑर्डर आली. आजच्या तारखेपासून, ब्रेक न देता. ताईंनी ती दोनदा वाचली, मग हनुमंतला वाचायला दिली, मग माझ्या पिशव्या बदलून मला खांद्याला लावलं. वस्तीवर पोरं नेहमीसारखीच रडली. ताई त्या दिवशी नर्स होत्या.

मित्रांनो, माझी काळजी करू नका. मला रोज धुवून, पुसून, झाकण उघडं ठेवून वाळवतात. तसा नियमच आहे. जी माणसं मला वर नेतात, त्यांच्यासाठी नियम अजून व्हायचा आहे. तुमच्या दारी नर्स आली की पाणी द्या, आणि ऑर्डर आली का, तेही विचारा. हनुमंतचं कंत्राट पुढच्या महिन्यात संपतंय. त्या दिवशी आम्ही सगळे पुन्हा बाहेर बसणार आहोत. तुम्हीही या. बाक लांब आहे.