शेवटची सात मिनिटं

ईसेलिनचा फोन आला तेव्हा मी बटाटे सोलत होतो.

“ओडवार, घरात कोण आहे तुमच्याजवळ?”

“कोणी नाही. का?”

“मी निघालेच आहे. तूरिद स्टुडिओच्या जिन्यात कोसळली. डॉक्टर आले, पण उशीर झाला होता.”

तूरिद माझी बायको. नॉर्वेतल्या बर्गनमध्ये चित्रपटांना आवाज द्यायची: पावलांचे, दारांचे, कपड्यांच्या सळसळीचे. कामाच्या दिवशी पोटात गुरगुर नको म्हणून सकाळी भरपूर लापशी खायची. दिग्दर्शिका ईसेलिनच्या नव्या चित्रपटात समुद्रात बुड्या मारणारी एक बाई तळाशी अडकते. शेवटची सात मिनिटं पडदा काळा, फक्त तिचा श्वास. तो श्वास तूरिदचा.

मी तीस वर्षं तेलाच्या जहाजांवर होतो. खाली समुद्रात एक पाणबुड्या काम करायचा, वर मी कानाला यंत्र लावून त्याचा श्वास ऐकायचो. श्वासाची लय बदलली की काम थांबवून त्याला परत बोलवायचं. ‘ठीक आहेस का’ विचारायचं नाही. विचारलं की प्रत्येक जण ‘ठीक आहे’ म्हणतो.

तूरिद जायच्या दोन आठवडे आधी तिनं मला स्टुडिओत नेलं.

“तुझे कान आज तरी उपयोगाला येऊ देत,” ती म्हणाली. “मरायला टेकलेली वाटते का सांग.”

मी ऐकलं. छोटे, वरचेवर श्वास, मध्येच एक अडकलेला.

“मागच्या वेळी सायकलला हवा भरतेयस असं वाटत होतं. आज अगदी बरोबर आहे.”

“ईसेलिन, तारीख लिहून ठेव गं. यानं माझं कौतुक केलं.”

परतताना ती जिन्यात दोनदा बसली.

“काम संपलं, आता नाटक पुरे,” मी म्हणालो. आणि मग विचारलं, “ठीक आहेस ना?”

“ठीक आहे.”

डॉक्टरीणबाईंनी नंतर सांगितलं, हृदय कित्येक महिने थकत चाललं होतं. छातीत पाणी साठलं होतं. धाप लागत असणार, तुमच्या लक्षात आली नाही का?

अंत्यविधीनंतर ईसेलिन घरी आली. कॉफी तशीच ठेवून म्हणाली, “तो श्वास ठेवू की दुसऱ्या कोणाकडून करून घेऊ? तुम्ही नको म्हणालात तर मी काढते. खरंच काढते.”

“दुसरीचा चांगला होईल?”

“नाही.”

“लोक घाबरतील?”

“खुर्चीला धरून बसतील.”

“मग तूरिद खूश झाली असती.”

“ते मला माहीत आहे. मी तुम्हाला विचारतेय.”

जाताना तिनं ते ध्वनिमुद्रण माझ्याजवळ ठेवलं आणि शुक्रवारपर्यंतची मुदत दिली.

गुरुवारी सकाळी मी स्वयंपाकघरात बसून ते लावलं. कागद आणि पेन्सिल घेतली, जहाजावर घ्यायचो तशी. चौथ्या मिनिटाला लय बदलली. नाटकात कोणी असा श्वास घेत नाही. जहाजावर असतो तर तिथेच तिला वर बोलावलं असतं. माझा हात आपोआप बटणाकडे गेला आणि मी ते बंद केलं.

काल शुक्रवार होता. ईसेलिनचा फोन दोनदा येऊन गेला, मी उचलला नाही.

उरलेली तीन मिनिटं मी अजून ऐकलेली नाहीत. तिला उत्तर द्यायचं राहिलं आहे.