तिसऱ्या बाटलीतलं पाणी

दर गुरुवारी सकाळी नऊच्या ठोक्याला खडकझरा गावच्या गोमुखातून पाणी सुटायचं आणि बरोबर सव्वाअकराला बंद व्हायचं. देव एवढा वक्तशीर कधीपासून झाला, हा प्रश्न रांगेतल्या हजारभर माणसांपैकी एकालाही पडत नव्हता. संगमनेरहून जीपा भरून यायच्या, नागापूरच्या कारखान्यांतली माणसं रजा टाकून टेम्पोने यायची. कुणाच्या हातात पाच लिटरचं कॅन, कुणाकडे सरबताची रिकामी बाटली, आणि एका आजीबाईंनी तर घरातला प्रेशर कुकरच आणला होता, कारण त्याला झाकण घट्ट बसतं.

कट्ट्यावर जलधारी महाराज विराजमान. अंगावर भगवी शाल, हातात माइक आणि मनगटावर पावलं मोजणारं घड्याळ. दिवसभर बसून राहणाऱ्या माणसाला पावलं कशाला मोजायची असतात, ते त्यांनाच ठाऊक.

"बाबांनो, सायन्सवाले म्हणतात पाण्यात युरेनियम आहे. असेल. मी नाही म्हणत नाही. पण पाण्याला मेमरी असते. तुमच्या मोबाईलला किती जीबी? चौसष्ट? या झऱ्याला अनंत जीबी. नामस्मरण भरा, विष आपोआप डिलीट."

लोक हसायचे आणि हसता हसता हात जोडायचे. महाराजांचं कसब तेवढ्यातच होतं.

रांगेत सत्तराव्या नंबरवर पुंजाराम उभा होता, खिशात नमुन्याची बाटली घेऊन. तो गावचा जलसुरक्षक. हुद्दा ऐकायला भारदस्त. काम म्हणजे टाकीत टीसीएलची, म्हणजे क्लोरीनची, पावडर कालवायची, नळाच्या पाण्यात क्लोरीन उतरलं की नाही ते रोज पाहायचं आणि वरून सांगावा आला की बाटल्या भरून नगरच्या प्रयोगशाळेला पाठवायच्या. अकरा वर्षं तो हे करत होता. बाटली ज्या पाण्याची भरायची त्याच पाण्याने आधी तीनदा विसळायची, हा नियम त्याने जेवणाआधी हात धुण्याइतका अंगवळणी पाडला होता.

गावाच्या वरच्या माळावर खताची गिरणी होती. बाहेरून आणलेला दगड दळायचा, आम्लात भिजवायचा, खत काढायचं आणि उरलेला चोथा मागे टाकायचा. वीस वर्षांत त्या चोथ्याची पांढरी टेकडी झाली होती. दगडात मुळात असलेलं युरेनियम पावसाबरोबर जमिनीत उतरत गेलं आणि खालच्या झऱ्यात आलं. झऱ्याचं पाणी विहिरीत, विहिरीचं टाकीत, टाकीचं नळाला. लिटरमागे तीस मायक्रोग्रॅमची मर्यादा. पुंजारामने झऱ्यावर भरलेल्या पहिल्या बाटलीत एकाहत्तर निघालं, सहा महिन्यांनी दुसरीत अठ्ठ्याहत्तर. नळाचं पाणी पिऊ नका, असं फर्मान निघालं. सलग तिसरी तपासणीही वर गेली, तर पलीकडच्या खोऱ्यातून गावासाठी स्वतंत्र नळयोजना करू, असं लेखी पत्र आलं. तिसरी बाटली तेवढी भरायची राहिली होती.

नेमक्या त्याच वेळी महाराज अवतरले. त्यांनी झऱ्याच्या तोंडावर काठी आपटली, कट्टा बांधून घेतला, पितळी गोमुख बसवलं. गिरणीच्या मालकांनी सिमेंट दिलं; तशी पाटीच कट्ट्यावर होती. गोमुखाचं एक घागर पाणी गावाच्या टाकीत ओतलं आणि महाराजांनी जाहीर केलं की आता सगळं गाव शुद्ध. त्या दिवसापासून लोक पुन्हा नळाचं पाणी प्यायला लागले.

पुंजारामची बायको चांगुणा सगळ्यांत आधी. नळाचं पाणी बंद झाल्यापासून ती रोज खालच्या शिवारातल्या, झऱ्याशी संबंध नसलेल्या जुन्या विहिरीवरून दोन हंडे आणत होती. जायला पाऊण तास, चढून यायला तासाच्या वर.

"आवं, तुमी कशाला संशेव घेता?" ती म्हणायची. "माझी मान मोकळी झाली, ह्यो चमत्कार न्हाई व्हय?"

तिच्या मानेचं दुखणं पुंजारामने रोज पाहिलं होतं.

नंबर आला. त्याने बाटली तीनदा विसळली आणि भरली. घरी आल्यावर, दुसरं काही मनात नव्हतं म्हणा, निव्वळ हाताची सवय म्हणून त्याने थोडं पाणी काचेच्या नळीत घेतलं आणि क्लोरीन तपासायच्या औषधाचे थेंब टाकले. पाणी पिवळं झालं.

पुंजाराम खालीच बसला. क्लोरीन तो टाकतो ते गावाच्या टाकीत. डोंगराच्या पोटात शिरून झऱ्याला टीसीएल कोण पाजणार?

तो नळी घेऊन शाळेत गेला. सुरय्या शेख या तिथल्या विज्ञानाच्या बाई, गेली नऊ वर्षं याच शाळेवर. त्यांनी नळी उजेडाला धरली.

"पुंजाभाऊ, हे कुठल्यातरी नगरपालिकेच्या नळाचं पाणी आहे."

"मग ते डोंगरात कसं गेलं?"

"डोंगरात गेलंच नाही. कट्ट्यामागच्या सभामंडपाचं बांधकाम संपून किती दिवस झाले?"

"झालं की दोन म्हयनं."

"आणि बांधकामाच्या पाण्याचा टँकर अजून दर बुधवारी येतोय."

पुंजारामने कपाळावर हात मारला. टँकर त्यानेही पाहिला होता, नव्हे, ड्रायव्हरला तंबाखू दिली होती. बुधवारी अर्धं गाव आठवडी बाजाराला गेलेलं असायचं. जी माणसं गावात असत त्यांच्यासमोर टँकर राजरोस यायचा आणि मंडपामागच्या हौदात रिकामा व्हायचा. लपवलं काहीच नव्हतं. कुणी विचारलं नव्हतं, एवढंच.

पुढच्या गुरुवारी दोघं कट्ट्यावर गेली. दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, तिसरी बाटली नगरला जायची होती. सरपंच आबासाहेब महाराजांच्या शेजारी बसले होते. पुंजारामने नमस्कार करून म्हटलं, "आबा, पाच मिंटं द्या. गावासमोर एक तपासनी करायची हाय."

आबासाहेबांनी महाराजांकडे पाहिलं. हजार माणसांसमोर नको म्हणणं महाराजांनाही अवघड होतं. "सायन्सलाही दर्शन घेऊ द्या," ते माइकवरून म्हणाले. लोक हसले.

पुंजारामने गोमुखाखाली नळी धरली, उंच केली. आयुष्यात पहिल्यांदा एवढी माणसं त्याच्याकडे बघत होती. त्याने थेंब टाकले. नळीतलं पाणी हळदीसारखं पिवळं झालं.

"बघा," तो म्हणाला, "पिवळं झालं. ह्याचा अर्थ..."

"भंडारा," रांगेतून कुणीतरी ओरडलं.

मग काय विचारता. खंडोबाला मानणारं गाव ते. पाण्यातून देवाची हळद उमटली म्हटल्यावर पुंजारामचा अर्थ ऐकायला कुणाला सवड होती? "येळकोट येळकोट जय मल्हार" असा गजर उठला, चपला काढून माणसं लोटांगण घालू लागली. महाराज क्षणभर गोंधळले. पण लगेच सावरले आणि त्यांनी हात वर केले. "पाहिलंत? संशय घेऊन आलेल्याच्या हातून देवाने साक्ष दिली."

ज्या पुराव्याने लबाडी उघडी पडायची, तोच दुसरा चमत्कार होऊन बसला. पुंजाराम "आवं क्लोरीन, क्लोरीन हाय ते" म्हणत राहिला, पण त्याच्या हातातली नळी कधीच गेली होती. ती कपाळाला लावत लावत हातोहात पुढे सरकली आणि चांगुणापर्यंत पोचली. तिने डोळे मिटले आणि नळी ओठाला लावली.

ते तपासणीचं औषध विषारी असतं. पुंजारामने गर्दीत मुसंडी मारली आणि तिच्या हातावर फटका मारून नळी पाडली. काच फुटली, पिवळं पाणी कट्ट्यावर सांडलं. भंडारा सांडला म्हणून चारचौघांनी पुंजारामला धरून बडवलं. चांगुणा नुसती बघत उभी राहिली. नवऱ्याने सगळ्या गावासमोर आपल्यावर हात उचलला, एवढंच तिला दिसलं होतं.

इतक्यात गोमुखाची धार थांबली. घड्याळात दहा वाजून पाच मिनिटं झाली होती.

गजर विरला. मंडपामागून सुरय्या मॅडमचा आवाज आला, वर्गात यावा तसा. "सगळ्यांनी इकडे या. ही चावी आहे. मी बंद केली की पाणी बंद. आता उघडते." गोमुख पुन्हा वाहू लागलं. "आता बंद करते." थांबलं. तीन वेळा त्यांनी ते करून दाखवलं. हौदाचं झाकण उघडून पाणी दाखवलं, हौदापासून गोमुखापर्यंतचा पाइप पायाने माती सारून दाखवला. खरा झरा कट्ट्याखाली गाडलेल्या नळातून पूर्वीसारखाच विहिरीत पडत होता, तेही दाखवलं.

"मॅडम, तुमच्यात हे मानत नसतील," एकजण म्हणाला.

"आमच्यातही फुंकलेलं पाणी देतात," त्या म्हणाल्या. "माझ्या आईने मला तापात पाजलं होतं. तिलाही मी विचारलं होतं, पाणी कुठलं आहे म्हणून."

एकेकजण हौदात डोकावून आला. मग एक म्हातारा म्हणाला, "म्हंजी टँकरचं पानी व्हय."

पुंजारामला वाटलं, आता गाव जागं झालं. महाराजांना जेमतेम श्वास घेण्याइतका वेळ लागला. "देव कुणाच्याही रूपात येतो," त्यांनी शांतपणे माइक उचलला. "तुमच्यासाठी तो टँकरच्या रूपात आला."

आणि काही हात पुन्हा जोडले गेले. ज्यांनी जोडले नाहीत, ते आबासाहेबांकडे बघू लागले. आबासाहेबांनी पुंजारामला बाजूला घेतलं. ते काही दुष्ट माणूस नव्हते.

"पुंजा, मला काय कळत न्हाई व्हय? पन विषाचं गाव म्हून आपल्या पोरी कुनी करंना झालंय. गिरनीत आपली साठ मानसं कामाला हायती. उद्याच्याला आकडा कमी आला तर डाग जातो. गोमुखाचीच बाटली भर."

"आन नळाला काय येतंय, आबा? तिथं झऱ्याचंच येतंय. पोरी लग्न होऊन जातील, पोरं हितंच पितील ना?"

"आजवर कोन मेलं?"

"ते मरत न्हाई लगीच. किडनी जाती हळूहळू. नळयोजना हातची जाईल, आबा. पुन्हा कुनी इचारनार न्हाई."

आबासाहेब परत महाराजांच्या शेजारी जाऊन बसले.

शुक्रवारी सकाळी पुंजाराम गावच्या विहिरीच्या पायऱ्या उतरला. झऱ्याचा नळ जिथे विहिरीत पडतो तिथे लोंबकळत त्याने बाटली तीनदा विसळली, भरली, वर चिठ्ठी चिकटवली: झऱ्याचं मूळ पाणी. ती घेऊन तो एसटीने स्वतः नगरला गेला. पंचायतीची बाटली त्याच्याआधी पोचली होती. तिच्यावरही लिहिलं होतं: झऱ्याचं पाणी. शिवाय तिच्यावर शिक्का होता.

प्रयोगशाळेने इमानदारीने दोन्ही तपासल्या. यंत्राला शिक्का वाचता येत नाही. पुंजारामच्या बाटलीत त्र्याऐंशी, पंचायतीच्या बाटलीत चार. वरच्या कार्यालयात मात्र शिक्का वाचणारी माणसं बसतात. त्यांनी चाराचा कागद फाइलीला लावला आणि फाइल बंद केली. नळयोजना रद्द झाली. गावाची दिशाभूल केल्याबद्दल पुंजारामला जलसुरक्षकाच्या कामावरून काढलं. मॅडमची महिन्याभरात बदली झाली, शेवगावकडे.

अहवाल आला त्याच बुधवारी टँकर यायचा बंद झाला. चार दिवसांनी महाराजही दिसेनासे झाले. कार्य सिद्धीस गेलं म्हणून गेले, असं लोक म्हणाले. आणि त्यात खोटं काहीच नव्हतं.

आता पुंजाराम रोज सकाळी सायकलला दोन कॅन बांधून जुन्या विहिरीवर जातो. चढाला सायकल ढकलत आणतो. पहिल्या दिवशी त्याने पेला भरून चांगुणासमोर ठेवला. तिने तो परत सारला.

"मला समदं कळलंय," ती म्हणाली. "तुमी नळी का पाडली तेबी मॅडम जाताना सांगून गेल्या. पन आळीतल्या बाया म्हनत्यात, हिच्या घरात येगळं पानी पित्यात, हिला गावाचं पानी चालंना. मला ह्याच गावात ऱ्हायचंय." तिने नळाखाली तांब्या धरला, भरला आणि उभ्याउभ्याच प्यायली.

वाचणाऱ्यांनो, युरेनियमला रंग नाही, वास नाही, चव नाही. ते उकळून जात नाही. पाणी आटलं की उलट वाढतं. ते मंत्राने जात नाही, गजराने जात नाही आणि कागदावर चार लिहिलं म्हणूनही जात नाही. चमत्कार सांगणारा समोर आला तर त्याच्याशी वाद घालू नका. पाणी कुठून आलं आणि बाटली कुणी भरली, एवढंच विचारा, आणि उत्तर मिळेपर्यंत जागचे हलू नका. खडकझऱ्यात हे विचारून झालं, उत्तरही भर दिवसा सगळ्यांच्या डोळ्यांदेखत मिळालं. पण विचारणारी माणसं दोन होती आणि गाव बाराशेचं. आज सकाळीही गाव नळाचंच पाणी प्यायलं.